अळणी बर्फ

कन्हेरीचे मंडपवाले हणमंतराव यांचं नाव मी सगळ्यांत आधी घेते. त्यांचं-माझं नातं काही नाही. त्या दिवसाआधी मी त्यांना पाहिलंसुद्धा नव्हतं, आणि त्यानंतर एकदाच, तेराव्याला, ते दारात उभ्यानं पाणी पिऊन गेले. पण सोपानआबा गेले त्याबद्दल लिहायचं तर सुरुवात या माणसापासूनच करायला हवी. नाहीतर पुढचं सांगता सांगता माझं चित्त ठिकाणावर राहणार नाही आणि नेमकं त्यांचंच नाव राहून जाईल, अशी मला भीती वाटते. मला भीती लवकर वाटते. आबा म्हणायचे, "ही भंडारा पानी प्याया घेतंय तरी आधी तांब्यात इचू हाय का बघतंय."

भंडारा म्हणजे मी. आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठी. आठवीत शाळा सुटली, पुढं लग्न झालं, आणि नवऱ्याबरोबर उजनीच्या पाण्यावर मासेमारीसाठी इकडं आले. तो होडीवर असतो, मी डाळजजवळच्या एका शेडमध्ये. या भागात ज्या रानांना पाणी जास्त होऊन जमीन खारावली, तिथं आता तळी खोदून कोळंबी वाढवतात. ती आमच्या शेडमध्ये येते, धुतली-सोलली जाते आणि खोक्यांत भरून पुण्याला जाते. कधी कोकणातून सुरमईची गाडीही येते. हा सगळा माल हातात आल्यापासून गाडीत चढेपर्यंत गार राहायला हवा, आणि ते काम बर्फाचं. बर्फ म्हणजे आबा. त्यांचं स्वतःचं रानही असंच खारावलं होतं. शेडचे मालक शेठ, त्यांनी तिथं तळं केलं आणि आबा बर्फाच्या खोलीत कामाला आले. "रानातलं मीठ निघंना, म्हनून हितं बर्फात घालत बसलोय," हे वाक्य ते प्रत्येक नव्या माणसाला ऐकवायचे. तो हसला नाही तर परत एकदा ऐकवायचे.

मी पहिल्यांदा त्या खोलीत गेले तेव्हा, "काय करून राहिले जी?" असं विचारलं. आमच्याकडं असंच बोलतात. आबांनी टोपी मागं सारली आणि अख्ख्या शेडला ऐकू जाईल असं म्हणाले, "राह्यलोय कुठं? उभा हाय की!" बाया हसल्या. मला रडू आलं. त्यावर ते जवळ येऊन हळूच म्हणाले, "रडू नगं. ह्या बाया मला बी हसत्यात." त्यानंतर ते स्वतःच मला 'जी' लावायला लागले. "भंडारा जी, पानी सोडा जी." सहा-सात वर्षं माझ्या गावची बोली इथं घराबाहेर फक्त त्या एका माणसाच्या तोंडी ऐकली, तीही थट्टेत. ती थट्टा होती हे आता आता विसरायला होतं.

बर्फ म्हटला की लोकांना लादी आठवते. आमचा बर्फ तसला नाही. एक उभा पोलादी पिंप असतो, आतून गोठवलेला. त्याच्या अंगावर पाणी सोडायचं. पाण्याचा पातळ थर धरतो, आणि फिरतं पातं तो खरवडून खाली पाडतं. पापडाचा चुरा पडावा तसे पापुद्रे पडत राहतात. निव्वळ गोड्या पाण्याचा थर पिंपाला घट्ट धरून बसतो, पातं किंचाळतं. पाण्यात थोडं मीठ असलं की तो सुटून येतो, मऊ पडतो, कोळंबीला टोचत नाही, आणि साध्या बर्फाहून जास्त गार असतो. पण मीठ वाढलं की तोच बर्फ मालाला भाजतो. कोळंबीच्या पाठीवर पांढरे डाग पडतात, जसं काही चटका बसलाय. गारव्यानंही भाजतं हे मला इथं येऊन कळलं. शेठनं मीठ मोजायचं एक छोटं यंत्र आणून दिलं होतं. आबा ते टाकीत बुडवायचे, मग बोट बुडवून जिभेला लावायचे. दोघांचं पटलं नाही तर यंत्राचं ऐकायचे. "आपली जीभ तंबाखूनं मेल्याली," म्हणायचे. मला मात्र त्यांनी आकडे सांगितले नाहीत, चवीनंच शिकवलं. कोळंबीला आमटीएवढं. नाजूक मासळीला त्याहून कमी, "नवरा ताट सरकवील इतकं अळणी."

त्यांची एक सवय होती. बर्फात हात घालून घालून त्यांचे तळवे कायम गार असायचे, आणि त्या हातांनी ते कुणाला स्पर्श करत नसत. बर्फाच्या मशीनची पाठ गरम असते. पुढून बर्फ पडत असतो आणि मागच्या जाळीतून गरम वारा येत असतो. काम झालं की आबा मागं जाऊन त्या जाळीपुढं दोन्ही तळवे धरायचे, उलटेसुलटे करायचे, गालाला लावून बघायचे. कुणाचं लहान मूल शेडवर आलं आणि आबांना त्याला उचलायचं असलं तर आधी पाठीमागची फेरी ठरलेली. बाया ओरडायच्या, "आबा, चला की आता, पोरगं झोपंल!" आतून आवाज यायचा, "थांबा गं, भाकरी अजून कच्ची हाय!"

माझे वडील गेले तेव्हा मी इथं होते. भावाचा फोन आला आणि मी बर्फाच्या ढिगात फावडं तसंच रोवून उभी राहिले. नवरा पाण्यावर होता, त्याचा फोन लागेना. आबांनी मोटारसायकल काढली, मला दौंडच्या स्टेशनावर नेलं, गर्दीच्या डब्यात कुणाला तरी दटावून जागा करून दिली. दुसऱ्या दिवशी मी गावात पोचले तर अंगणात पाणी शिंपडून झालेलं. उन्हाळा होता. लोक म्हणाले, किती थांबणार? गावात बर्फ नव्हता. ढिगानं बर्फ पाडणारी मी, आणि माझ्या बापासाठी टोपलंभर बर्फ नव्हता. मी त्यांचं तोंड पाहिलं नाही. अजूनही मधूनच वाटतं की ते कुठंतरी आहेत आणि मी सुटी मागितली की भेटतील... परत आल्यावर मी बर्फाच्या खोलीच्या दारात नुसती उभी राहिले. आबांनी माझ्याकडं पाहिलं आणि मशीनच्या मागं गेले. बराच वेळ आले नाहीत. आले ते सरळ माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात चांगला गरम होता. मग म्हणाले, "चल भंडारा, पानी सोड. टाकी भरून वाहायला लागली." बापाच्या मरणाचं माझं सांत्वन एवढंच झालं, आणि ते मला पुरलं.

यंदा भर लग्नसराईत एका सकाळी शेडवर आले तर मशीन गप्प होतं. आबा माझ्याआधी येऊन ते सुरू करत. फाटकातच शेठ भेटले आणि म्हणाले, "आबा गेले. घरी अंगणात मिश्री लावत बसले होते, तसेच कलंडले." मी डाळजला पळाले. आबांची बायको फार वर्षांपूर्वी वारली होती. मागं एकच मुलगी, रेखा. जावई लष्करात, त्यामुळं ती आसाममध्ये. आबांचे थोरले भाऊ तात्या फोन हातात धरून ओट्यावर बसले होते आणि फोनमधून रेखाचा आवाज सगळ्या अंगणाला ऐकू येत होता. "तात्या, मी निघाले. उद्या दुपारपर्यंत पोचते. मी येईस्तवर उचलू नका. मला आबांना बघायचंय." तात्या म्हणाले, "पोरी, हितलं ऊन बघ की." ती म्हणाली, "मला बघायचंय," आणि पुढं तेच ते म्हणत राहिली.

मला काय झालं कोण जाणे. एरवी चार माणसांत तोंड न उघडणारी मी, मी म्हटलं, "तात्या, बर्फ मी आणते जी."

तात्यांनी एकदा उन्हाकडं पाहिलं, एकदा हातातल्या फोनकडं. त्यांचाही भाऊच गेला होता. शेवटी म्हणाले, "बर्फ हाय तवर थांबू. बर्फ सरला की उचलायचं. मग कुनी आडवं यायचं न्हाय." भावकीनं माना हलवल्या. म्हणजे रेखाला बाप दिसणार की नाही, हे आता बर्फावर आलं.

मयत गार ठेवायच्या भिगवणकडच्या दोन्ही पेट्या बाहेर गेलेल्या. बर्फाच्या लाद्या लग्नांनी उचललेल्या. शेठनं मात्र एका शब्दात शेडमधला बर्फ न्यायला सांगितला. तो कोळंबीसाठी पाडलेला होता, आमटीएवढ्या मिठाचा. मी खाली ताडपत्री घातली, वर वाकळ, आणि पायांच्या बाजूनं, कडेनं बर्फ भरला. चेहऱ्याजवळ तो बर्फ न्यायचं माझं धाडस झालं नाही. डोळ्यांपुढं ते कोळंबीच्या पाठीवरचे डाग यायला लागले. माणसाला किती मीठ चालतं हे त्या यंत्रावर लिहिलेलं नव्हतं, आणि ज्यांना विचारायचं ते समोर निजलेले. ठरवलं, शेडवर जाऊन टाकीतलं पाणी बदलायचं आणि नवा बर्फ पाडायचा, कमी मिठाचा. शेडवर पोचून मशीन सुरू करते न करते तोवर दुपारचं वादळ आलं. विजेचे खांब आडवे झाले आणि लाईट गेली. शेडचा जनरेटर शीतगृहालाच जेमतेम पुरतो, आणि आत माल भरलेला. मशीनसमोर मी उभी. पिंपावरचा शेवटचा थर सुटून पडला आणि पाणी टपकायला लागलं.

हमरस्त्यावरच्या टपरीपुढं एक टेम्पो उभा होता, मागं जनरेटर जोडलेला. एक जण बशीतून चहा पीत होता. मी जाऊन विचारलं, "दादा, हा चालतो का जी?"

"चालतो म्हंजे? पळसदेवला आज हळद हाय. लाईट, डीजे, समदं याच्यावर. का वो?"

मी सांगितलं. काय आधी सांगितलं आणि काय नंतर, मला आठवत नाही. आबा, मीठ, आसाम, माझे वडील, सगळं एकात एक झालं असणार. त्यानं बशी खाली ठेवली.

"तुमचं कोन लागत हुतं?"

"कोणी नाही जी."

"कोनी न्हाय," तो म्हणाला. मग पळसदेवच्या हळदीवाल्यांना फोन लावला. समोरून जे काही आलं ते मला दोन हात लांबून ऐकू येत होतं. "लग्नाचा जनरेटर मयताला नेतो व्हय रं? पुन्हा आमच्या गावात पाय ठिवू नगस!" त्यानं सगळं ऐकून घेतलं, "व्हय, व्हय" म्हणाला आणि फोन खिशात टाकला. टेम्पो वळवताना म्हणाला, "लाईटीला कुठं कळतंय ताई, लगीन हाय का मयत. बसा." ते हणमंतराव. जनरेटरवर हळदीच्या झेंडूच्या माळा गुंडाळलेल्या होत्या. शेडवर त्यांनी पहिलं काम केलं ते त्या माळा सोडून टेम्पोत ठेवायचं.

मशीन सुरू झालं. मी टाकी रिकामी करून गोडं पाणी घेतलं आणि मूठ मूठ करत मीठ टाकलं. बोट जिभेला लावलं. कमी वाटलं. अजून चिमूट. पुन्हा बोट लावलं, आणि काही कळेना. तोंड कोरडं पडलेलं, चवच लागेना. तेव्हा ते यंत्र बुडवलं, तरी भरवसा वाटेना. हणमंतरावांपुढं ओंजळ धरली, "जरा बघता का जी? अळणी आहे ना?" त्या माणसानं काही न विचारता चाखलं आणि म्हणाला, "आमच्या घरी हिच्यावरनं भांडान झालं असतं." मग मी पातं सुरू केलं. पहिले पापुद्रे चिकटले, पातं ओरडलं, आणि मग सुटायला लागले. पातळ, मऊ. असा बर्फ मी त्याआधी कधी पाडला नव्हता.

तेव्हापासून दुसऱ्या दुपारपर्यंत आम्ही तेच करत होतो. मी पाडायची, नवरा क्रेटांतून डाळजला न्यायचा, मी मागोमाग जाऊन जुना काढून नवा भरायची. दर वेळी आधी आबांच्या कानाजवळची कातडी निरखून बघायची. डाग नव्हता. तरी पुढच्या वेळी पडेल असं वाटायचं. दर वेळी तात्या विचारायचे, "हाय का अजून?" आणि मी म्हणायची, "आहे जी." हणमंतराव जनरेटरपाशी बसून होते. तुम्ही का थांबलात, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "मला बी एकच पोरगी हाय. ती बी लांबच जानार की."

रेखा आली तेव्हा ऊन टळटळीत होतं. पुण्याहून गाडी करून आली होती. अंगणातल्या लोकांनी वाट दिली. मी आबांच्या चेहऱ्यावरचा बर्फ केव्हाच बाजूला केला होता, कोरड्या फडक्यानं तोंड पुसून ठेवलं होतं. ती गुडघ्यांवर बसली आणि बघत राहिली. चेहरा आबांचाच होता, जसाच्या तसा. आता थट्टा करतील असा. माझ्या जिवावरचं ओझं उतरलं. वाटलं, जमलं. आबा, जमलं जी...

मग तिनं त्यांचा हात हातात घेतला, आणि तिचा चेहरा बदलला. तिनं दुसरा हात घेतला. दोन्ही हात आपल्या तळव्यांत धरून चोळायला लागली. जोरात चोळायला लागली, फुंकर घालायला लागली. "आबा, हात शेकलं न्हाईत का वो तुमी?" आवाज अगदी साधा होता, घरात बोलावं तसा. "तात्या, चुलीवर हात धरल्याबिगर मला कधी जवळ घेत नव्हतं. कधीच न्हाय. चूल पेटवा की कुनीतरी." मयताच्या घरात चूल पेटत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. तेवढ्यात शेवटच्या क्रेटांबरोबर आलेले हणमंतराव मागच्या मागं पळत जवळच्या टपरीवर गेले आणि वाफाळता चहा पेल्यात घेऊन आले. रेखानं तो पेला आबांच्या हातात द्यायचा प्रयत्न केला. बोटं वळेनात. ती एकेक बोट पेल्याला लावून धरायची, सोडलं की ते परत ताठ. चहा सांडला, वाकळीवर डाग पडला. तात्याच शेवटी खाली बसले आणि त्यांनी भावाच्या आणि पुतणीच्या हातांवर आपले हात ठेवले. पेल्यातला चहा निवेपर्यंत ती तिघं तशीच बसली. मग उचललं.

मी चेहरा राखला होता. ज्या हातांसाठी ती एवढ्या लांबून आली, ते हात मीच रात्रंदिवस बर्फात ठेवले होते. याला दुसरा इलाज नव्हता हे मला कळतं. नवरा सांगतो, रेखानंही जाताना मला मिठी मारून सांगितलं. पण कळणं वेगळं. आता रात्री डोळा लागला की ती बोटं सुटतात. मी माझ्या वडिलांचं तोंड पाहिलं नाही म्हणून इतकी वर्षं झुरले. पाहिलं असतं तर काय हाताला लागलं असतं, तेही आता कळलं. दोन्हीकडून काहीच उरलं नाही.

गेल्या आठवड्यात दोन माणसं येऊन मशीन मोजून गेली. शेठ म्हणाले, आबांच्या मागं हे झेपणार नाही, लाद्या आणून फोडून घालू. त्यांचंही चुकत नसेल. काम सुटलं तर कुठं जायचं, हे मनात चालूच आहे. तोवर रोज काम संपलं की मी मशीनच्या मागं जाते. भिंतीच्या खिळ्यावर आबांची टोपी आहे, ती कुणी काढत नाही. जाळीतून गरम वारा येतो. मी तळवे धरते, उलटेसुलटे करते, गालाला लावून बघते. हात लवकर शेकतात. मग कुणाच्या डोक्यावर ठेवायचे ते सुचत नाही आणि मी तशीच घरी जाते.

हणमंतराव, तुमच्या हातची एक हळद आमच्यामुळं गेली. पळसदेवनं तुम्हाला अजून बोलावलेलं नाही, असं ऐकते. तुमचे उपकार कसे फेडू, याचा विचार रोज करते. माझ्या हाताला येतं ते एकच काम, बर्फ पाडायचं, आणि त्याची गरज तुमच्या दाराला कधी न पडो. पण तुमच्या लेकीची हळद ठरेल तेव्हा मला निरोप धाडा. हे मशीन तोवर इथं नसेल. मी कुठंही असेन, भंडाऱ्यातसुद्धा असेन, तरी येईन. मांडवातली भांडी घाशीन, पाणी भरीन, आणि बायांनी मला हळद लावायला पुढं बोलावलं तर आधी तुमच्या चुलीपाशी जाईन. जरा वेळ लागेल. पोरीला म्हणावं, थांब... मावशी हात शेकून येते.